वादळाचें मूळ आणि वादाची रीत

किनाऱ्यावर वादळाची सूचना लागली म्हणजे आमच्या बाजारपेठांतून दोन प्रकारचे उद्गार हटकून कानांवर येतात. वादळ अंगावर आलें तर "हें आणखी आधीं कां सांगितलें नाहीं?" असा एक, आणि तें वाट वांकडी करून दुसरीकडे गेलें तर "वेधशाळेस काय कळतें!" असा दुसरा. वरवर पाहतां हे उद्गार परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंचा उगम एकच आहे. शास्त्र म्हणजे एकदां लिहून संपलेली पोथी आहे व ती उघडून वाचणें एवढेंच शास्त्रज्ञांचें काम आहे, अशी समजूत लोकांच्या मनांत घर करून बसली आहे. उत्तर चुकलें म्हणजे मग एकतर वाचणारा आळशी ठरतो, नाहींतर पोथीच खोटी ठरते. वस्तुस्थिति याहून अगदीं निराळी आहे. वादळ कशामुळें उत्पन्न होतें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर सुमारें दोनशें वर्षें विद्वानांचा वाद चालला आहे. त्यांतील कांहीं भाग मिटला, कांहीं अद्याप मिटावयाचा आहे. आणि ज्या भागाचा निकाल लागलेला नाहीं त्याची किंमत कोळ्यांस, खलाशांस, व्यापाऱ्यांस व किनाऱ्यावरील बागाइतदारांस मोजावी लागते. यासाठीं या वादाची हकीकत वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वादाचा मुद्दा असा. हवा तापली म्हणजे हलकी होऊन वर चढते, तिची जागा घेण्यास बाजूची हवा धांवत येते, आणि वर गेलेल्या हवेंतील बाष्पाचे ढग होतात. या उलाढालीस पदार्थविज्ञानांत अभिसरण म्हणतात. चुलीवरील आधणांत तळचें पाणी वर व वरचें खालीं फिरतें, तोच हा प्रकार. आतां वादळाच्या मुळाशीं हें अभिसरणच आहे काय? कीं वादळ दुसऱ्याच कारणानें उठतें, व ढगांची ही चढउतार हा त्याचा केवळ परिणाम आहे? बीज कोणतें आणि फळ कोणतें, एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लढल्या.

या वादास तोंड अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लागलें. ता. ३ सप्टेंबर १८२१ रोजीं त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठें तुफान झालें. पुढें कांहीं आठवड्यांनीं कनेक्टिकटमधील मिडलटाउन गांवचे विल्यम रेडफील्ड त्या मुलखांतून प्रवास करीत असतां त्यांच्या दृष्टीस एक चमत्कारिक गोष्ट पडली. त्यांच्या गांवाकडील झाडें वायव्येकडे शेंडा करून पडलीं होतीं. पण मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागाकडे गेल्यावर तेथील झाडें आग्नेयीकडे शेंडा करून आडवीं झालेलीं आढळलीं. एकाच वादळांत वारा दोन ठिकाणीं अगदीं उलट दिशांनीं वाहिला, याचा अर्थ काय? रेडफील्डांनीं अनुमान केलें कीं, हें वादळ म्हणजे एक अवाढव्य वावटळ असून ती स्वतःभोंवतीं फिरत फिरत पुढें सरकत गेली असली पाहिजे. हे गृहस्थ कोणी प्राध्यापक नव्हते. लहानपणीं ते खोगीर करण्याचा धंदा शिकले, पुढें त्यांनीं दुकान चालविलें, व त्यानंतर न्यू यॉर्क येथें हडसन नदींतील आगबोटींच्या व्यापारांत ते पडले. येल येथील प्रा. ऑल्मस्टेड यांच्या प्रोत्साहनानें १८३१ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्याचें शिक्षण कॉलेजांत झालेलें नाहीं अशा एका व्यापाऱ्याचा निबंध देशांतील प्रमुख शास्त्रीय नियतकालिकानें छापला, आणि १८४८ सालीं शास्त्रोन्नतीसाठीं स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय संस्थेचें पहिलें अध्यक्षपद त्यालाच मिळालें, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. निरीक्षण करण्यास पदवी लागत नाहीं. डोळे उघडे लागतात व टिपण ठेवण्याची शिस्त लागते.

रेडफील्डांच्या मतास जोराचा विरोध फिलाडेल्फियाचे शिक्षक जेम्स एस्पी यांनीं केला. एस्पींचा प्रश्नच निराळा होता. वारा फिरतो कसा यापेक्षां तो मुळांत सुटतोच कां, हें त्यांस पाहिजे होतें. त्यांनीं एका बंद भांड्यांत हवा दाबून भरली व तोटी उघडून ती एकदम फुगूं दिली. कोरडी हवा अशा वेळीं किती थंड होते व दमट हवा किती, याचें मोजमाप त्यांनीं पुनःपुनः घेतलें. दमट हवा कमी थंड होते असें त्यांस दिसून आलें. याचें कारण गुप्त उष्णता. मोदकपात्राचें झांकण काढतांना वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट बसतो, हें आमच्या घरोघरच्या स्त्रियांस ठाऊक आहे. पाण्याची वाफ होतांना जी उष्णता तिच्यांत लपून बसते, तीच वाफेचें पुनः पाणी होतांना बाहेर पडते. एक ग्रॅम बाष्पाचें पाणी झालें कीं सुमारें सहाशें कॅलरी उष्णता मोकळी होते. एवढ्या उष्णतेनें बर्फाइतकें थंड असें सहा ग्रॅम पाणी उकळीस येईल. एस्पींचें म्हणणें असें कीं, दमट हवा वर चढूं लागली म्हणजे ही उष्णता सुटून हवेचा तो स्तंभ भोंवतालच्या हवेपेक्षां ऊबदार व हलका राहतो. त्यामुळें तो आणखी वर चढतो, खालीं वायुभारमापकांतील पारा उतरतो, आणि चोहोंकडून हवा मध्याकडे सरळ धांव घेते. रेडफील्डांचें वादळ म्हणजे फिरतें चाक, तर एस्पींचें वादळ म्हणजे धुराड्याची ओढ. त्यांचा 'फिलॉसफी ऑफ स्टॉर्म्स' हा ग्रंथ १८४१ सालीं निघाला, आणि पॅरिसच्या विद्वत्परिषदेनें आरागो प्रभृति पंडितांकडून त्यांच्या मताची तपासणी करवून अनुकूल अभिप्राय दिला.

या दोघांत तिसरे येऊन मिळाले ते रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर. त्यांच्या मतें वावटळीचें मूळ ढग व पृथ्वी यांच्यामधील विजेंत होतें, आणि म्हणून त्यांनीं दोघांवरही तोफ डागली. १८३५ च्या जून महिन्यांत न्यू जर्सींतील न्यू ब्रन्सविक गांवावरून एक भयंकर वावटळ गेली, तेव्हां वादाचा निकाल लागण्याची संधि आली असें सर्वांस वाटलें. एस्पींच्या बाजूचे बेश यांनीं होकायंत्र घेऊन पडलेल्या वस्तूंच्या दिशा टिपल्या, व सर्व कांहीं मध्याकडे ओढलें गेलें असा निष्कर्ष काढला. रेडफील्डांनीं तेंच नुकसान पाहून त्यांत चक्राकार गतीच्या खुणा दाखविल्या. साक्षीदार एकच, जबानी एकच, आणि दोन वकिलांचे दोन निकाल! याचें कारण अप्रामाणिकपणा नव्हे. दोघेही प्रामाणिक होते. परंतु एकानें 'कसें' हा प्रश्न धरला होता व दुसऱ्यानें 'कां' हा, आणि प्रत्येकास आपल्याच प्रश्नाचें उत्तर त्या पडलेल्या झाडांत दिसत होतें. वारा किंचित् आंत वळतो एवढें रेडफील्डांनीं पुढें मान्य केलें. पण उष्णतेला कारणाचा मान देण्यास ते कधींच तयार झाले नाहींत.

हा वाद निव्वळ पंडितांचा होता असें कोणीं समजूं नये. भर समुद्रांत तुफानांत सांपडलेल्या तांडेलापुढें एकच प्रश्न असतो: वादळाचा मध्य कोणीकडे आहे? वाऱ्याकडे तोंड करून उभें राहिलें असतां, रेडफील्डांच्या मतानें उत्तर गोलार्धांत तो मध्य बरोबर उजव्या हातास पडतो; एस्पींच्या मतानें तो थेट पाठीमागें पडतो. दोन मतांत काटकोनाचें अंतर आहे, आणि एवढ्या अंतरांत जहाज वांचतें किंवा बुडतें. इंग्रजी सैन्यांतील इंजिनियर विल्यम रीड यांनीं १८३८ सालीं व कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनीं त्यांच्या मागोमाग रेडफील्डांचा पक्ष उचलला, आणि जहाजांच्या शेंकडों नोंदवह्या चाळून खलाशांसाठीं नियम बसविले. 'सायक्लोन' हा शब्द सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक भाषेच्या आधारें पिडिंग्टन यांनींच १८४८ च्या आपल्या पुस्तकांत रूढ केला. म्हणजे आज जगभर चालणारें हें नाणें कलकत्त्याच्या टांकसाळींतलें आहे. त्या नियमांनीं पुष्कळ जहाजें तारलीं. पण नियम शुद्ध वर्तुळाचा होता आणि वारा शुद्ध वर्तुळांत फिरत नव्हता. मॉरिशस येथील चार्ल्स मेल्ड्रम यांनीं पुढें जहाजांच्या नोंदींवरूनच दाखवून दिलें कीं, वारा बराच आंत वळतो, आणि म्हणून वर्तुळाचा नियम अक्षरशः पाळणारें जहाज मध्यापासून दूर जाण्याऐवजीं त्याच्याच तोंडीं जाण्याचा धोका असतो. अर्धें सत्य हें पूर्ण असत्यापेक्षां कधीं कधीं अधिक घातक होतें, तें असें.

याच पिडिंग्टन यांची आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. कलकत्त्याच्या आग्नेयीस मातला नदीवर नवें बंदर बांधण्याचा बेत सरकारनें केला, तेव्हां १८५३ सालीं त्यांनीं गव्हर्नर जनरल डलहौसी यांस पत्र लिहून इशारा दिला कीं, एखाद्या दिवशीं वादळाबरोबर चढून येणाऱ्या समुद्राच्या लोंढ्यानें हें बंदर धुवून जाईल. इशाऱ्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पोर्ट कॅनिंग म्हणून तें बंदर उभें राहिलें, आणि १८६७ च्या वादळानें तें उध्वस्त केलें. पिडिंग्टन १८५८ सालींच निवर्तले होते. वादळाचें अंतिम कारण त्यांस ठाऊक नव्हतें. एस्पी खरे कीं रेडफील्ड, याचा निर्विवाद निकाल त्यांच्या हयातींत लागला नव्हता. तथापि लोंढा कोठें चढेल हें सांगण्यापुरतें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें व तें पुरेसें होतें. विद्वानांचें एकमत होईपर्यंत आम्ही हात जोडून बसूं, असें म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानें व प्रत्येक भांडवलवाल्यानें हें उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावें.

एका हातानें टाळी वाजत नाहीं, हें या वादांत अक्षरशः खरें ठरलें. इलायस लूमिस यांनीं १८४२ च्या फेब्रुवारींतील वादळांचे, अनेक गांवीं एकाच वेळीं घेतलेल्या नोंदींवरून, नकाशे काढले. त्यांत वारा मध्याकडे ओढलेलाही दिसला व मध्याभोंवतीं फिरतांनाही दिसला. याची उपपत्ति १८५६ सालीं नॅशव्हिल गांवच्या विल्यम फेरेल नामक शाळामास्तरांनीं लाविली, व तीही एका वैद्यकीय मासिकांत. पृथ्वी फिरते आहे, म्हणून उत्तर गोलार्धांत वाहणारी हवा उजवीकडे वळूं पाहते. मध्याकडे धांवणारी हवा अशी वळली कीं मध्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट प्रदक्षिणा आपोआप सुरू होते. ओढ एस्पींची खरी, फेरा रेडफील्डांचा खरा. आणि दोहोंस जोडणारी गोष्ट, म्हणजे पृथ्वीची गति, दोघांच्याही हिशेबांत नव्हती. अमेरिकन वादाचा हा शेवट. १८५७ ते १८६० या चार वर्षांत रेडफील्ड, हेअर व एस्पी हे तिघेही कालवश झाले.

परंतु जिंकलेल्या मतासही माज चढतो. अभिसरण हेंच सर्व वादळांचें कारण, असें पुढें पाठ्यपुस्तकांतून बिनदिक्कत छापलें जाऊं लागलें. त्यास धक्का दिला तो व्हिएन्नाच्या यूलियस हान यांनीं. आल्प्समध्यें सुमारें ३१०० मीटर उंचीवर सॉनब्लिक शिखरावर १८८६ सालीं वेधशाळा उघडली होती. तेथील व इतर शिखरांवरील नोंदी घेऊन हान यांनीं १८९० सालीं विचारलें: वादळाच्या पोटांतील हवा भोंवतालच्या हवेहून ऊबदार असते म्हणतां ना? मग उंचावर मोजलें असतां ती थंड कां भरते? एस्पींचें धुराडें युरोपच्या वादळांस लागू पडेना. यांतूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं मार्ग्युलेस यांनीं, व पुढें १९१९ च्या सुमारास नॉर्वेंतील बर्गेन येथील ब्यर्कनेस पितापुत्र व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें मत मांडलें कीं, त्या थंड प्रदेशांतील वादळांची शक्ति ध्रुवाकडील थंड हवा व विषुववृत्ताकडील उष्ण हवा शेजारीं शेजारीं येऊन भिडते त्या सीमेवर उत्पन्न होते. चार्नी यांनीं १९४७ सालीं व ईडी यांनीं १९४९ सालीं त्यास गणिताचा पाया घातला. हिंवाळ्यांत पंजाबांत पाऊस व हिमालयांत बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ याच कुळींतले. तेव्हां 'वादळ' हा शब्द एक असला तरी त्याखालीं दोन जाती मोडतात. आणि पन्नास वर्षें जो गोंधळ झाला त्याचें एक कारण हेंच कीं, एका जातीचा पुरावा दुसऱ्या जातीस लावला गेला.

आमच्या समुद्रांवरचीं चक्रीवादळें मात्र दुसऱ्या जातीचीं. समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंश सेंटिग्रेडपेक्षां अधिक तापलेलें असतांनाच तीं बहुधा जन्मतात, आणि जमिनीवर चढलीं कीं त्यांचा जोर ओसरतो. समुद्राची ऊब व बाष्प हेंच त्यांचें अन्न, याविषयीं वाद नाहीं. त्यांचा गाभाही खरोखर ऊबदार असतो. येथें एस्पींची बाजू पुनः वर आली. १९५८ सालीं हर्बर्ट रील व जोअॅन माल्कस यांनीं हिशेब मांडला कीं, उष्ण कटिबंधांतील उष्णता वरच्या थरांत नेण्याचें काम थोड्याशा अत्युच्च मेघस्तंभांवर चालतें. त्यांस त्यांनीं 'उष्ण मनोरे' असें नांव दिलें. या माल्कस बाई १९४९ सालीं शिकागो येथें हवामानशास्त्रांत डॉक्टरेट मिळविणाऱ्या अमेरिकेंतील पहिल्या स्त्री होत. बाईमाणसास हें शास्त्र कशाला, असें म्हणणारे तिकडेही कमी नव्हते. ज्यांनीं तसें म्हटलें त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

पण अन्न कोणतें हें कळल्यानें भूक कां लागते हें कळत नाहीं. तापलेला समुद्र आणि उंच ढग उन्हाळ्यांत सर्वत्र असतात. वादळें मोजकींच होतात. हें कां? १९६४ सालीं चार्नी व एलियासेन यांनीं उत्तर दिलें: फिरणारा वारा दमट हवा गोळा करतो, ढग तिच्यांतील उष्णता सोडतात, त्या उष्णतेनें फेरा वाढतो, व वाढलेला फेरा अधिक दमट हवा गोळा करतो. १९८६ सालीं केरी इमॅन्युएल यांनीं यास हरकत घेतली. ढग उष्णता वर नेतात हें खरें, पण हवेंत तसा मोठा शिल्लक सांठा नसतोच. खरी मिळकत समुद्राच्या पृष्ठावर होते. वारा जोरानें वाहूं लागला कीं बाष्पीभवन वाढतें, समुद्रांतून अधिक उष्णता उचलली जाते, व तिच्यावर वादळाचें यंत्र चालतें. हा भेद पेढीच्या भाषेंत असा सांगतां येईल: चार्नींच्या मतें ढग हा धंद्यांतील भागीदार असून बाजारांत पडून असलेली पुंजी तो गोळा करतो; इमॅन्युएल यांच्या मतें ढग हा केवळ दलाल, सावकार समुद्र, आणि जो व्यापारी अधिक धडाडीनें वाहतो त्यास सावकार अधिक कर्ज देतो. अलीकडे माँटगोमेरी व स्मिथ यांच्यासारख्या संशोधकांनीं असें पुढें आणलें आहे कीं, ढगांचे कांहीं मनोरे स्वतःच वेगानें फिरत असतात व ते एकवटून वादळाचा गाभा घडवितात. तेव्हां दलालास इतकेंही तुच्छ लेखूं नये. हा खटला अद्याप चालू आहे.

त्याचा व्यवहाराशीं संबंध काय? संबंध थेट आहे. वादळ कोणत्या वाटेनें जाईल हें बव्हंशीं भोंवतालच्या विस्तीर्ण वाऱ्यांवर ठरतें, आणि उपग्रह व गणकयंत्रें यांच्या साह्यानें तें सांगण्यांत मोठी सुधारणा झाली आहे. पण तें किती चढेल व किती झपाट्यानें चढेल, हें पुष्कळ अंशीं त्याच्या पोटांतील त्या थोड्या मेघस्तंभांवर अवलंबून असतें. नेमकें तेथेंच शास्त्र अडखळतें. २०२३ च्या ऑक्टोबरांत मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर 'ओटिस' नांवाचें एक साधारण वादळ चोवीस तासांच्या आंत पांचव्या, म्हणजे सर्वांत भयंकर, वर्गाचें होऊन अकापुल्को शहरावर येऊन आदळलें. आदल्या दिवशींच्या भाकितांत त्या जोराची कल्पना नव्हती. आमच्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' वादळ कन्याकुमारीजवळ इतक्या जलद वाढलें कीं, सूचना पोंचेपर्यंत होड्या समुद्रांत दूर गेल्या होत्या, आणि केरळ व तामिळनाडूंतील शेंकडों कोळी मेले किंवा बेपत्ता झाले. अभिसरणाच्या वादांतील उरलेला प्रश्न तो हाच. त्याचें उत्तर ज्यांस हवें आहे ते सर्व प्रयोगशाळेंत बसलेले नाहींत.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. कारण सांपडलें असें ज्यास वाटतें त्यास कारण हातीं धरून निसर्गास वळविण्याची इच्छा होते. एस्पींनीं आपली उपपत्ति इतकी खरी मानली कीं, पश्चिमेकडील अरण्यांचे लांब पट्टे ठराविक दिवसांनीं पेटवून सर्व पूर्व अमेरिकेंत वेळच्या वेळीं पाऊस पाडावा, अशी योजना त्यांनीं सरकारपुढें ठेवली. ती हंसण्यावारी गेली हें सुदैवच. १९६२ पासून १९८३ पर्यंत अमेरिकन सरकारनें वादळांत रासायनिक द्रव्य फवारून त्यांचा जोर मोडण्याचे प्रयोग चालविले. पण वादळें आपण होऊनही तशींच बदलतात असें आढळल्यामुळें श्रेय कोणास द्यावें हें ठरेना, व प्रयोग बंद पडले. महाराष्ट्रांतही दुष्काळाच्या वर्षीं मेघांवर फवारणी करण्याची मागणी होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सोलापूरकडे २०१८ व २०१९ सालीं जो प्रयोग केला त्याची रीत अनुकरणीय होती: फवारलेले ढग व न फवारलेले ढग यांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून मग दोहोंची तुलना करावयाची. दुधाचें दूध व पाण्याचें पाणी होण्यास एवढाच मार्ग आहे. तुलनेवांचून केलेला प्रयोग म्हणजे केवळ खर्च होय.

आतां आमच्या लोकांनीं यावरून काय घ्यावें? १८६४ च्या ऑक्टोबरांतील कलकत्त्याच्या वादळांत व लोंढ्यांत हजारों माणसें बुडालीं. अशा आपत्तींच्या पाठोपाठ १८७५ सालीं देशाचें हवामानखातें स्थापन झालें. १९९८ च्या जूनमध्यें कांडला बंदरावर आलेल्या वादळांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं, त्यांत मिठागरांत मजुरी करणारे गोरगरीब पुष्कळ होते. २०२३ च्या जूनमध्यें 'बिपरजॉय' त्याच कच्छच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां एक लाखाच्या आसपास लोक आधींच हलविले गेले होते व प्राणहानि अत्यल्प झाली. या पंचवीस वर्षांत भागीदार कीं दलाल, या वादाचा निकाल लागला नव्हता. जें ज्ञान हातीं होतें त्याचा उपयोग वेळेवर झाला, एवढाच फरक. आणि २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' वादळ मुंबईऐवजीं रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, तेव्हां मुंबईस भीतीच्या मानानें धक्का थोडा बसला. परंतु त्याच दिवशीं रायगड व रत्नागिरींतील नारळीपोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. मुंबईत बसून "कांहीं झालें नाहीं" म्हणणें म्हणजे शेजाऱ्याचें घर जळत असतां आपल्या घराचें छप्पर शाबूत असल्याचा डौल मिरविणें आहे.

व्यापारी वर्गास आम्ही विशेषेंकरून विचारतों: गोदामाचा आगीचा विमा तुम्ही दरसाल उतरवितां, आणि वर्षअखेर आग लागली नाहीं म्हणून विमेवाल्यास खोटा म्हणत नाहीं. मग वादळाच्या सूचनेवरून एक दिवस माल उंचावर हलविला, होड्या ओढून घेतल्या, आणि वादळ आलें नाहीं, तर तो खर्च विम्याच्या हप्त्यांत कां धरूं नये? कोळ्याचा एक दिवसाचा धंदा बुडतो ही गोष्ट खरी व गंभीर आहे. त्यास सूचनेच्या दिवसाची भरपाई मिळण्याची सोय सरकारनें व मासळीच्या व्यापाऱ्यांनीं मिळून केली, तर सूचना झुगारून समुद्रांत जाण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं. पोट उपाशी असलेल्या माणसास वेधशाळेचें तोंड पाहण्यास सांगणें हा उपदेश स्वस्त आहे.

वेधशाळेकडेही आमचें मागणें आहे. अटलांटिकमध्यें १९४३ सालीं जोसेफ डकवर्थ यांनीं प्रथम मुद्दाम विमान वादळाच्या पोटांत घातलें. तेव्हांपासून तिकडे विमानांनीं गाभ्याचें मोजमाप घेण्याची पद्धतच पडली आहे. आमच्या दोन्ही समुद्रांवर अशी नियमित व्यवस्था नाहीं. जेथें वाद अडला आहे तेथेंच मोजमाप नाहीं, ही स्थिति पालटली पाहिजे. पुण्यांत हवामानाचीं उपकरणें देशांतच घडविण्यासाठीं अॅना मणी यांनीं ज्या जिद्दीनें काम केलें, ती परंपरा आमच्याजवळ आहे. पैसा व निश्चय मात्र पाहिजे. दिल्लीचें केंद्र आपल्या वादळविषयक भाकितांत चूक किती झाली हें वार्षिक अहवालांत छापतें, ही गोष्ट त्यास भूषणावह आहे. आपली चूक आंकड्यांनीं मोजून जाहीर करणारीं खातीं आमच्या देशांत किती आहेत? तो हिशेब इंग्रजींत दप्तरीं न राहतां देशी भाषांत बंदराबंदरांवर लागावा, म्हणजे सूचनेवर विश्वास किती ठेवावा हें नाखव्यास स्वतः ठरवितां येईल.

वाद असणें हें शास्त्राचें व्यंग नव्हे. रेडफील्ड व एस्पी भांडले म्हणून लूमिस यांनीं नकाशे काढले; सर्वांनीं अभिसरणावर माना डोलावल्या तेव्हां हान शिखरावरचे आंकडे घेऊन उभे राहिले. प्रत्येक वेळीं निकाल कोणाच्या वक्तृत्वानें लागला नाहीं, कोणाच्या पदवीनेंही लागला नाहीं. पूर्वीं कोणीं मोजलें नव्हतें तें कोणीतरी मोजलें तेव्हां लागला. आमच्या सभांतून व पंचायतींतून जे वाद माजतात त्यांत मोजण्याची ही बुद्धि शिरेल तो सुदिन. तोंपर्यंत किनाऱ्यावर बावटा लागला कीं होडी ओढून घ्यावी. कारणाचा वाद काठावर बसून करतां येतो.